देवीचे वण कोणी पुसले?

‘नॅचरल ठेवा हं, भाऊ’ असं सांगणारं गिऱ्हाईक दुकानात आलं की मी आधी घोटभर पाणी पितो. कारण या नॅचरलची यादी आता यायची असते. डोळ्यांखालचं काळं काढायचं, रंग थोडा उजळायचा, हनुवटीखालची जादाची हनुवटी घालवायची. मागे सिमेंटच्या पत्र्याची पडवी आलीय, ती काढून झाडं टाकायची. पोराने दाढी केली नव्हती, ती करून टाकायची. एवढं सगळं झाल्यावर शेवटची अट असते, ‘पण एडिटिंग केलंय असं वाटता कामा नये.’

दुसरं गिऱ्हाईक ‘पेंटिंगसारखं करा’ म्हणतं. त्याला लग्नाच्या फोटोवर तैलरंगाचे फटकारे हवे असतात. शालू जाड रंगात थापलेला, मागचे दिवे विरघळल्यासारखे, आणि ते सगळं कॅनव्हासवर छापून हॉलमध्ये सोफ्याच्या वर. चार पुस्तकं वाचलेली मंडळी या दुसऱ्याला हसतात. फोटो कसा फोटोसारखा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या बाजारात मी बरीच वर्षं स्टुडिओ चालवतोय, आणि माझं मत नेमकं उलटं आहे. या दोघांत प्रामाणिक तो पेंटिंगवाला. त्याने फोटोचं चित्र केलं, आणि ते चित्र आहे हे त्याच्या दारातून आत येणाऱ्या पाहुण्याला उंबरठ्यावरच कळतं. नॅचरलवाल्यानेही फोटोचं चित्रच केलं. फक्त ते फोटो म्हणून टांगलं.

जुन्या स्टुडिओतला पडदा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. त्यावर ताजमहाल असायचा, नाहीतर संगमरवरी जिना, कारंजं, एखादा हंस. शिमग्याला किंवा गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी बायकापोरांसकट त्यापुढे उभे राहायचे. पडद्याची घडी घुमटाच्या मधोमध खाली उतरलेली असायची आणि यमुनेच्या काठावर आमच्या दुकानाची शहाबादी फरशी दिसायची. तो फोटो बघून ‘आग्र्याला कधी गेला होतात?’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. हौस होती, ती उघड होती. आता मी हिरव्या पडद्यापुढे उभं करून त्याच माणसाला स्वित्झर्लंडला नेऊ शकतो. सावलीची दिशा जुळवतो, गालावर बर्फाचा निळसर उजेड पाडतो. आणि मग लोक खरंच विचारतात, कधी गेला होतात?

फोटो आणि चित्र यांची आपल्याकडे कधी फारकत नव्हतीच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावल्याच्या दुसऱ्याच वर्षी. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिथे हौसेने फोटो काढणाऱ्यांत होते. त्यानंतरच्या काळात हिंदुस्थानातले स्टुडिओ चित्रकार पदरी ठेवू लागले. राजेरजवाड्यांच्या फोटोवर हे चित्रकार इतका दाट रंग चढवायचे की खालचा फोटो शोधावा लागे. दागिन्यांना सोनेरी, शेल्याला जरी, मागे मखमली पडदा. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला, लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसमध्ये काम केलं आणि मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. कोल्हापूरचे बाबूराव तर आडनावानेच पेंटर म्हणून ओळखले गेले. तेव्हा फोटोला रंग लावणं हा बाटगेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच घराण्याची वंशावळ एकदा पाहावी.

मी महाडला ज्या काकांकडे काम शिकलो ते निगेटिव्ह रिटच करायचे. लाकडी उतरत्या पाटावर निगेटिव्ह, खालून आरशाने पाडलेला उजेड, हातात सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिलीचा ठिपका पडला की तेवढी जागा प्रिंटवर उजळते. सुरकुती त्यामुळे फिकी करता येते. ते म्हणायचे, फिकी कर, घालवू नको, नाहीतर बाई पैसे देईल आणि फोटो न्यायची नाही. रंगीत करायचा फोटो असला तर ते गिऱ्हाइकाला बसवून घेत. साडी कसली होती, काठ कसले, फेटा की टोपी, सगळं विचारून प्रिंटच्या मागे पेन्सिलीनेच लिहून ठेवत. हिरवी इरकल, काठ लाल. ज्याने तो माणूस पाहिला होता त्याला विचारल्याशिवाय ब्रश भिजत नव्हता.

आताचं सॉफ्टवेअर कुणालाही विचारत नाही. ज्या आजीने नवऱ्यामागे तीस-चाळीस वर्षं रंगीत लुगडं अंगाला लावलं नाही तिला ते बेधडक पोपटी नेसवतं. काही नातवंडांना ते आवडतं, तो त्यांचा प्रश्न. पण माझ्या मनातून न जाणारी गोष्ट आहे देवीच्या वणांची. आमच्या भागातल्या जुन्या फोटोंत देवीचे वण असलेले चेहरे पुष्कळ. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं, त्यामुळे आजच्या पोरांनी तसा चेहरा पाहिलेला नसतो. सॉफ्टवेअरनेही तो फारसा पाहिलेला नाही. ते वण त्याला कागदावर पडलेले डाग वाटतात. बटण दाबलं की चेहरा गुळगुळीत होतो, पापणीचा केस न् केस दिसू लागतो, आणि समोर बसतो तो कुणीतरी पन्नाशीचा तजेलदार गृहस्थ. तालुक्यातल्या एका बाईंसमोर मी असा फोटो पडद्यावर ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, बरा हाय, पन आमचं मालक न्हाय ते.’

यात यंत्राचा द्वेष नाही, पण ते काय करतं एवढं तरी समजून घ्यायला हवं. धूसर फोटोत जी माहिती नाही ती जगातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरला त्या कागदातून काढता येत नाही. लाखो चेहरे दाखवून त्याला शिकवलेलं असतं, त्यावरून ते अंदाज करतं की इथे साधारण असा डोळा असावा, असं नाक असावं. म्हणजे तुमच्या आजोबांचा फोटो साफ होत नाही. त्यांच्या जागी बसेल असा माणूस नव्याने काढला जातो. फटकाऱ्यांनी काढला असता तर हे चित्र आहे म्हणून आपण सावध झालो असतो. तो काढला जातो फोटोच्या सफाईने, कातडीच्या रंध्रांसकट, आणि म्हणूनच फसवतो.

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतरचे कित्येक आठवडे माझ्याकडे दुसरं कामच नव्हतं. काचेला चिकटलेले, चिखलाने फुगलेले, रंग ओघळलेले फोटो. ओला फोटो काचेवरून ओढायचा नसतो. स्वच्छ पाण्यात काचेसकट बुडवून ठेवायचा, सुटला तर सुटला. नाही सुटला तर काचेवरूनच पुन्हा टिपायचा. ज्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं ते दुसऱ्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं असलेलं आपलं माणूस शोधून आणत. नखाएवढा चेहरा. तो मोठा केला की ठिपकेच ठिपके. मी ते तसेच छापून दिले आणि लोकांनी तसेच हार घातले. त्या ठिपक्यांत त्यांना आपलं माणूस दिसत होतं.

पुराची दुसरी गोष्ट कोरडी आहे, पण महत्त्वाची. पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक रेघ राहते. कमरेएवढी, छातीएवढी, कुठे पंख्याला टेकलेली. ती रेघ म्हणजे पुरावा. पंचनाम्याला जोडायचे फोटो काढताना फोनमधलं ‘सुधारा’चं बटण दाबलं तर भिंत उजळते, ओल कमी दिसते, रेघ पुसट होते. असे चकचकीत फोटो घेऊन आलेल्या लोकांना मी मूळ फोटो शोधून द्यायला लावले. औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या गावांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. पाण्याचा रंग बदलला अशी तक्रार करायची तर हातात असतो तो फोटोच. ज्या गावात जत्रेच्या फ्लेक्ससाठी नदी निळी करून छापली जाते, त्या गावाच्या गढूळ नदीच्या फोटोवर उद्या साहेब म्हणणार, हाही एडिट केलेला. त्याला खोडायचं कसं?

आणि पर्यटनाचे फोटो! जुलैत वरंध घाटात गेलेला माणूस खरं सांगेल की तिथे बहुतेक वेळा पुढच्या मोटारसायकलचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. घाट म्हणजे ढग. एडिटिंगच्या प्रत्येक ॲपमध्ये हल्ली धुकं काढायची एक पट्टी असते. ती सरकवली की ढग वितळतात, कडा कोरल्यासारख्या उठतात, वर हिरवा रंग वाढवला की झालं. शिवथरघळीच्या वाटेवरची भाताची खाचरं मुळात इतकी हिरवी असतात की डोळे निवतात, तरी ती आणखी हिरवी करायची. ते पाहून पुण्यामुंबईची पोरं येतात. फोटोत स्पष्ट दिसलेला कडा त्यांना इथे दिसत नाही, पण तो असतो. म्हणून मला इथे नुसत्या सौंदर्याचा वाद घालायचा नाही. कुणी वरंध घाटाचं जलरंगातलं चित्र काढलं आणि त्यात ऊन पाडलं तर कुणाचा पाय घसरत नाही. फोटोतून धुकं काढलं तर घसरू शकतो.

जमिनीचे एजंट हा आणखी एक प्रकार. एकाने मला प्लॉटच्या जाहिरातीत मागे रायगड बसवायला सांगितला. त्या जागेवरून रायगड दिसत नाही, असं मी म्हटलं तर म्हणाला, ‘जवळच आहे ना, थोडा सरकवा.’ हसू नका. ‘नॅशनल जिओग्राफिक’सारख्या मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं होती. ते मुखपृष्ठ चित्रासारखं दिसलं असतं तर जगभर एवढी बोंब झालीच नसती. ते फोटोसारखं दिसलं, हीच तर तक्रार होती.

पुढे बातम्यांच्या फोटोंबाबत जग कडक झालं. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बाद केला गेला, कारण कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि पाठवलेला फोटो जुळेना. २०२३ साली सोनीच्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताला बक्षीस मिळालं, तेव्हा त्यानेच ते नाकारलं आणि सांगितलं की हे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलंय. ते जुन्या कृष्णधवल फोटोसारखं दिसत होतं.

आपल्याकडचीच दोन खुळं शेजारी ठेवून बघा. मार्च २०२५ मध्ये जो तो आपल्या पोराबाळांचे फोटो जपानी घिबली स्टुडिओच्या कार्टूनसारखे करून घेत होता. ज्यांनी ती शैली हाताने घडवली त्यांच्यावर तो अन्यायच, ते वेगळं. पण पाहणाऱ्याची फसवणूक शून्य. बंड्या कार्टून नाही हे बंड्याच्या शेजाऱ्यालाही माहीत असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये साडीचं खूळ आलं. मुलीचा साधा फोटो टाकायचा की शिफॉनची साडी, वाऱ्यावर पदर, संध्याकाळचं ऊन, जुन्या हिंदी सिनेमासारखं. ते सगळं हुबेहूब फोटो. नेसलेली साडी तिने नेसलेली नाही, दिसणारे खांदे-दंड तिचे नाहीत, आणि स्थळ बघणाऱ्यांच्या हाती तोच फोटो जातो. लग्नाच्या बायोडेटाला मी रंग उजळून देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं महाडला जातात. जाऊ देत. मुलगी बघायला आलेल्यांनी दारातच ‘फोटोत वेगळी दिसत होती’ म्हणावं, तेही तिच्यासमोर, याला मी हातभार लावणार नाही.

माझ्यावर नेहमी होणारा आक्षेप असा की कॅमेरा तरी कुठे खरं बोलतो? लेन्स नाक मोठं करते, फ्लॅश चेहरा चपटा करतो, आणि तुम्ही डार्करूममध्ये हात फिरवून आभाळ गडद करतच होतात की. होय, करत होतो. जे समोर होतं ते उजळवणं आणि गडद करणं मला मंजूर आहे, कारण ती आभाळाचीच शाई होती. जे नव्हतं ते आणायचं आणि होतं ते पुसायचं, तर तो बदल उघड दिसला पाहिजे. मग तैलरंग करा, कार्टून करा, कडेने वेलबुट्टी काढा, माझी हरकत नाही. फोन तर आपल्याला न विचारताच हे करू लागलेत. २०२३ मध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने त्या धूसर गोळ्यावर ठळक विवरं आणून दिली. तेव्हा फोटोसारखा दिसतो म्हणून तो फोटो, ही समजूत आता सोडायला हवी.

रायगड आणि चवदार तळं असलेल्या आमच्या तालुक्यात तर हा प्रश्न घरगुती अल्बमपुरता राहत नाही. दरवर्षी शिवराज्याभिषेकदिनाच्या आधी पोरं फ्लेक्ससाठी ‘महाराजांचा रिअल फोटो’ घेऊन येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला, घामाच्या थेंबासकट. राज्याभिषेक १६७४ चा आणि कॅमेरा जगापुढे आला १८३९ ला. शिवरायांची जुनी चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये आहेत, एका बाजूने काढलेली, दख्खनी धाटणीची. एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा ती चूक सुधारली. एक चुकीचं चित्र हटवायला अभ्यासकाला कागदपत्रं खणावी लागली. आता रोज नवे चेहरे तयार होतात आणि प्रत्येकाखाली ‘खरा’ लिहिलेलं असतं. उलट चवदार तळ्यावर ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब आपण पाहतो ते रंगवलेल्या चित्रांत आणि शिल्पांत. २० मार्च १९२७ ची ती घटना खरी, आणि चित्र रंगवलेलं आहे हे ठाऊक असूनही त्यापुढे हात जोडणाऱ्याचं काही कमी होत नाही. त्याला घामाचे थेंब चिकटवून फोटो करायची गरज काय पडावी?

म्हणून गिऱ्हाइकांना आणि वाचकांना माझं सांगणं एवढंच. पेंटिंग हवं असेल तर बिनधास्त करून घ्या, चांगला जाड ब्रश मारून घ्या. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मात्र यंत्रातून काढला असेल तर त्याच्या मागे तसं लिहा, कुठल्या फोटोवरून केला तेही लिहा. आणि मूळ फोटो, कितीही फाटका असो, भंगारात किंवा नदीत टाकू नका. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहून तो कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आमच्या कोकणच्या हवेत त्याला आतून बुरशी धरते.